निशाण कोणी झटकत नसे

सुरवंट चावत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या नातवंडांना वाटतं की तो दात-बीत असलेला काहीतरी प्रकार आहे. तो बिचारा आपल्या वाटेने चाललेला असतो. आपणच त्याच्या वाटेत मान, हात, पाठ, उशी असं काहीबाही ठेवतो. मग त्याची कुसं, म्हणजे अंगावरचे बारीक केस, आपल्या कातडीत शिरतात आणि पुढचे दोन दिवस आपण म्हशीसारखे भिंतीला पाठ घासत फिरतो. पांढुर्ण्याहून दर चैत्रात हनुमान जयंतीला जामसांवलीला पायी जाणारा आमचा जथा होता, त्या जथ्यात मला हे ज्ञान मिळालं. आमचं गाव हिंदी राज्यात गेलेलं, त्यामुळे मी शाळा हिंदीत शिकले, पण भीती, भूक आणि राग या तिन्ही गोष्टी मला मराठीतच येतात, म्हणून हे मराठीत लिहून राहिले आहे.

जथ्याची पुढारी माझी आत्या, सरूआत्या. बाबांची मोठी बहीण, आमच्याच गल्लीत दिलेली, अंगाने काडी पण आवाज असा की दोन शेतं पलीकडचा सालदार गडी आपला बैल थांबवायचा. निघायच्या आदल्या दिवशी आमच्या ओसरीवर ती सगळ्या बायकांना बसवून नेम सांगायची. देवाचे नेम दोनच मिनिटांत संपायचे, कांदा-लसूण नाही, चप्पल नाही, भांडण नाही. बाकी सगळे नेम सुरवंटाचे असायचे. शेवग्याच्या झाडाखाली बसायचं नाही. कोणत्याही खोडाला टेकायच्या आधी खोड वरपासून खालपर्यंत पाहायचं. ओला दुपट्टा झाडावर वाळत घालायचा नाही. झोपायचं ते उघड्यावर, झाडाच्या फांद्या संपतात तिथून दहा पावलं दूर. सकाळी उठल्यावर अंथरूण, पांघरूण, लुगडं, पिशवी, जे असेल ते वाऱ्याच्या दिशेने तोंड न करता तीनदा झटकायचं. आणि खाजलं तर चोळायचं नाही. हे शेवटचं सांगताना ती एकेकीच्या डोळ्यांत पाहायची. "चोयलं त गेली समजा. कूस आत जाते, मंग बाहेर येत नाई," असं म्हणायची. तिच्या जथ्यात कोणाला साप-विंचवाचं कधी काही झालं नाही, पण सुरवंटाने तिच्या तरुणपणी एका बाईचा हात असा सुजवला होता की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. ती बाई कोण हे आत्याने कधी सांगितलं नाही. मला वाटतं ती स्वतःच असावी.

त्या वर्षी जथ्यात मी आणि आई नव्याने होतो, कारण नवस आमचा होता. आदल्या पावसाळ्यात मला टायफाइड झाला होता. बावीस दिवस मी खाटेवर होते. कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला की सकाळ झाली आणि परत वाजला की संध्याकाळ झाली, एवढंच मला कळायचं. आई उशाशी बसून भाताची पेज चमच्याने पाजायची आणि मी ती तिच्याच पदरावर ओकायची. एका रात्री मी कोणालाच ओळखेनाशी झाले तेव्हा तिने जामसांवलीच्या आडव्या निजलेल्या मारुतीला बोलून घेतलं की पोरगी उठली तर तिला घेऊन अनवाणी येईन, रोडग्यांचा नैवेद्य करीन. मी उठले. केस गेले, अभ्यास बुडाला, पण उठले. पंधरा वर्षांची होते. डोक्यावर बोट-बोटभर केस घेऊन शाळेत जायची मला इतकी लाज वाटायची की मी उन्हाळ्यातही डोक्यावरून ओढणी काढत नसे.

आईबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला पाहिजे. तिला एकाच डोळ्याने दिसायचं. लहानपणी शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटताना एक काडी सुटून डाव्या डोळ्यात गेली होती, तो डोळा तेव्हापासून पांढरा पडलेला. उजव्या डोळ्यावर तिचा सगळा संसार चालायचा. निवडणं, टिपणं, सुईत दोरा ओवणं, बाबांच्या चेहऱ्यावरून त्यांचा राग ओळखणं, सगळं त्या एका डोळ्याने. आम्हा घरच्यांना त्याची इतकी सवय होती की आम्ही तिच्या डावीकडून कधी हाक मारत नसू, आणि आपण मारत नाही हेही आमच्या लक्षात नसे.

आमच्या जथ्याची रीत अशी की ज्याचा नवस फिटायचा असेल त्याने निशाण धरायचं. निशाण म्हणजे वेळूच्या काठीला बांधलेलं भगवं कापड, चांगलं दोन हात लांब. ते वाटभर जमिनीला टेकवायचं नाही. थांबलो की झाडाला उभं करायचं, आणि सकाळी निघायच्या आधी सगळ्यांनी ते कापड ओंजळीत घेऊन कपाळाला, मग डोळ्यांना लावायचं. त्या वर्षी नवस माझ्यासाठी, म्हणून निशाण माझ्या हातात. काय सांगू, त्या काठीने मला काय दिलं. बोडक्या डोक्याची पोट्टी म्हणून आमच्या गल्लीत मला चिडवायचे, आणि इथे वाटेतल्या गावांत लोक माझ्या पाया पडत होते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी स्वतःला अर्धी देवी समजायला लागले होते.

आम्ही मोठा रस्ता टाळून बैलगाडीच्या वाटेने चाललो. पळस झडून गेलेला, मोहाच्या झाडाखाली पहाटे पडलेल्या फुलांचा तो गोड, जरासा आंबलेला वास, शेतांत उपटून रचलेल्या पऱ्हाटीचे ढीग. पायाला धूळ गरम लागायची, पण मऊ. दुपारी एका विहिरीवर शिदोऱ्या सोडल्या. आईने दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटाची कोरडी चटणी, गुळाचा खडा आणि भाजलेले शेंगदाणे बांधले होते. टायफाइडनंतर मला अशी भूक लागायची की मी स्वतःच्या संपवून आईच्या पुढच्या ओढायची, आणि ती मला भूक नाही असं म्हणायची. आज माझ्या सुनेला मी हेच म्हणते आणि ती म्हणते, "आई, खोटं बोलू नका." आमच्या वेळी असं कोणी बोलत नसे. बोलायला पाहिजे होतं.

त्या वर्षी फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला होता, आणि आत्याचं म्हणणं की म्हणूनच सुरवंट वेळ सोडून निघालेत. वाटेत तिने तीन झाडं दाखवली. शेवग्याच्या खोडावर सुपाएवढं राखाडी ठिगळ असायचं, जवळ जाऊन पाहिलं की ते ठिगळ श्वास घेतल्यासारखं हलायचं. शंभर-दीडशे सुरवंट अंगाला अंग लावून. प्रत्येक झाडापाशी आत्या सगळ्यांना लांबून वळवून न्यायची आणि मागे कोणी राहिलं का ते मोजायची. मुक्कामाला एका ओळखीच्या शेतात पोहोचलो तेव्हा दिवस बुडत होता. विहीर होती, मोकळं खळं होतं, आणि उभं झाड एकच होतं, तेही शेवग्याचं. आत्याने अंथरुणं झाडापासून दूर टाकायला लावली. मी निशाण धरून उभीच. जमिनीला टेकवायचं नाही, मग ठेवू कुठे?

"लाव तिथं, बेचक्यात," आत्या म्हणाली. "आपल्याले झोपाचं नाई झाडाखाली. देवाले काय होते?"

मी खोड पाहिलं. उजेड कमी होता, जे दिसलं ते स्वच्छ वाटलं. मी काठी बेचक्यात अडकवली आणि जाऊन झोपले.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले. निशाण आणायला गेले आणि कापडाच्या घडीत मला ते दिसले. तीन. जाडजूड, लांब पांढुरक्या केसांचे, एक तर माझ्या बोटाएवढा. मी मागे पाहिलं. तोवर बायका उठून अंथरुणं झटकत होत्या, तो फटफट आवाज येत होता. निशाण मात्र आमच्यात कोणी झटकत नसे. देवाचं कापड चादरीसारखं कसं झटकणार? आदल्याच दिवशी ठेच लागून माझ्या हातून ते हिसडलं होतं तर आत्याने सगळ्यांसमोर मला दोनदा माफी मागायला लावली होती. आणि सांगितलं असतं तर? निशाणाला किडे लागले म्हणजे अपशकुन म्हणतील, पोरीच्या हातून नेम मोडला म्हणतील, काठी काढून दुसऱ्याच्या हातात देतील. मी पंधरा वर्षांची होते आणि मला ती काठी पाहिजे होती. मी एक काडी घेतली, तिन्ही सुरवंट एकेक करून खाली पाडले, पायाने माती ढकलली आणि कापडाकडे निरखून पाहिलं. स्वच्छ दिसत होतं. कूस डोळ्याला दिसत नाही हे मला ओसरीवर बसवून सांगितलेलं होतं. मला ते त्या घडीला आठवलं होतं, हे मी आता या वयात लपवत नाही.

मग सगळ्यांनी दर्शन घेतलं. कोणी कापड कपाळाला लावलं, कोणी गालाला. आई शेवटी आली. तिचाच नवस, म्हणून तिने कापड दोन्ही हातांत घेतलं, डोळ्यांवर दाबलं आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मी काठी धरून होते. तेवढ्या वेळात मी दहादा बोलू शकले असते.

तासाभरात जथा खाजवायला लागला. कोणाचं कपाळ, कोणाची मान. बायका हसत होत्या, "रातच्यानं मच्छर चावले वाट्टे," म्हणत होत्या. आई हसत नव्हती. तिचा उजवा डोळा लाल झाला होता आणि त्यातून पाणी गळत होतं. ती पदराने पुसायची, पुन्हा पुसायची. थोड्या वेळाने तिने तो मिटूनच घेतला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागली. "धूळ गेली असन," ती म्हणाली. आत्याने पदराचा बोळा केला, त्यात तोंडाने वाफ धरली आणि आईच्या डोळ्यावर दाबली, जसं आपण सगळेच करतो. आई कळवळली. तिचा हात माझ्या खांद्यावर असा आवळला की तिची नखं मला लागली. तरी मी गप्प.

सौंसर या बाजारगावाच्या बाजूच्या संत्र्याच्या बागा सुरू झाल्या होत्या. एका बागेत तोडणी चालू होती, तिथल्या सावलीत आत्याने आईला बसवलं. तोडणीच्या बायकांमधली एक उठून आली. चाळिशीची, उंच, दहाही बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, कारण संत्र्याच्या काट्यांनी बोटं सोलतात. नाव शेवंताबाई, हे आम्हाला नंतर कळलं. ती आईसमोर उकिडवी बसली, हात न लावता डोळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय गेलं डोयात?"

"धूळ," आत्या म्हणाली.

"धुळीनं असं होत नाई. या बाईच्या कपायावर पाहा, पुरळ हाये. तुमच्याबी हाये." तिने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. "धूळ असन त पान्यानं धुवू, होऊन जाईन. सुरवंट असन त बोट लावाचं नाई आन सीधा डॉक्टर. कोनाले मालूम हाये का? पक्कं सांगा, अंदाज नोको."

आत्या पुन्हा पदराचा बोळा करत होती. मी पाहिलं, ती तो तोंडाशी नेऊन राहिली आहे, आणि आता तो पुन्हा आईच्या डोळ्यावर दाबला जाणार. माझ्या तोंडून निघालं, "आत्या, नोको! सुरवंट होते. निशाणात होते. तीन. मी काढले."

आत्याचा हात तिथेच थांबला. मला वाटलं आता थोबाडीत बसते. पण तिने आपलाच हात आपल्या कपाळावर मारून घेतला. "म्याच सांगतलं होतं तिथं लावाले," एवढंच म्हणाली.

शेवंताबाईने वेळ घालवला नाही. तिने आपल्या बोटांवरची नाही, कोरी चिकटपट्टी फाडली. ती आईच्या पापणीवर, भुवईवर, कपाळावर हलकेच लावून उचलायची, टाकायची, नवीन घ्यायची. उन्हात धरल्यावर पट्टीवर बारीक सोनेरी केस दिसायचे. मग तिने आपल्या मडक्यातलं पाणी आईच्या डोळ्यावर धार धरून सोडलं. आत्या त्या काळातल्या बायकांसारखीच होती, कोणाच्या हातचं पाणी चालतं नि कोणाचं नाही याचा तिच्याकडे मोठा हिशोब असायचा. त्या दिवशी तिने काही विचारलं नाही. उलट दुसरं मडकं तिनेच उचलून आणलं.

संत्र्याची मेटाडोर सौंसरला निघायच्या बेतात होती. आता आई अडून बसली. "मी गाडीत बसनार नाई. पायी बोलली हावो मी. पोरीसाठी बोलली हावो." मिटल्या डोळ्याने ती हे बोलत होती. नवस मोडला तर मला परत काही होईल, ही भीती तिला डोळ्यापेक्षा मोठी होती. बायकांनी समजावलं, तिने नकारार्थी मान हलवली.

"पाह्य वं," आत्या म्हणाली. तिचा आवाज मी कधी इतका हळू ऐकला नव्हता. "नवस कोनासाठी? पोरीसाठी. त मंग पोरीचे पाय जातीन. ती एक पाऊलबी गाडीत टाकनार नाई, मी पाहातो. तू डोया घेऊन जाय. मारुतीले डोये देऊन काय भेटन?"

शेवंताबाई आईचा हात धरून म्हणाली, "चाला, मी येतो संग. आम्ही विहारात जानारे, तुमच्या देवाचं मले समजत नाई. पन डोयाच्या डॉक्टरचं घर मले मालूम हाये."

आई गेली. मी तिच्यासोबत जाऊ शकत नव्हते, कारण आता नवस माझ्या पायांवर होता. गाडी वळून जाईपर्यंत मी पाहत उभी होते. आत्याने माझ्या हातातून निशाण घेतलं. मला वाटलं, गेली काठी, बरं झालं. पण ती बांधावर गेली, वाऱ्याकडे पाठ केली आणि सगळ्यांच्या देखत ते कापड फाडफाड झटकलं. मग काठीवरून सोडलं, बागेच्या पाटात बुडवून धुतलं आणि लुगडं पिळावं तसं पिळलं. एक म्हातारी कुरकुरली. आत्या म्हणाली, "कापड हाये ते. देव तिकडं जामसांवलीत झोपून हाये." मग ओलं निशाण परत माझ्याच हातात दिलं. "धर. आन आता जे दिसन ते सांगत जाय."

तो दिवसभराचा रस्ता मी कसा चालले ते मला खरंच नीट आठवत नाही. संत्र्याचा वास आठवतो, आणि डावा डोळा मिटून उजव्याने, मग उजवा मिटून डाव्याने मी वाट पाहत चालले होते तेवढं आठवतं. दोन्ही मिटून चालून पाहिलं, सात पावलं गेले आणि घाबरून उघडले. आत्या माझ्याशी बोलत नव्हती, पण तिने एकदाही मला मागे पडू दिलं नाही. पाणी द्यायची, पुढे व्हायची. वाटेत एका बाईने माझ्या पाया पडायला वाकू पाहिलं तर मी चक्क पळून गेले.

सौंसरला पोहोचलो तेव्हा बाजाराची दुकानं दिवे लावत होती. डॉक्टरांच्या ओट्यावर आई बसलेली, उजव्या डोळ्यावर जाड पट्टी. डावा तर पांढराच. म्हणजे तिला तेव्हा काहीच दिसत नव्हतं. शेवंताबाई शेजारी बसून तिला संत्र्याच्या फोडी सोलून भरवत होती. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी आत्याला सांगितलं की भिंगाखाली धरून वरच्या पापणीच्या आतून चार केस काढले, बुबुळावर ओरखडे आहेत, आणखी चोळलं असतं तर केस आत घुसले असते. औषध घातलंय, सकाळी पट्टी काढू तेव्हा कळेल. "कळेल म्हणजे काय?" हे आत्याने विचारलं नाही, मीही नाही. रात्री धर्मशाळेत मी आईच्या उजव्या बाजूला झोपले. ती झोपेत हात डोळ्याकडे न्यायची आणि मी तो धरून खाली ठेवायची.

सकाळी डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं. आत्या दारात उभी होती आणि चेहऱ्यावर काही न दाखवता पदराचं टोक चावत होती. मी भिंतीला लागून. पट्टी निघाली, कापूस निघाला. पापणी सुजलेली, चिकटलेली. डॉक्टरांनी ओल्या बोळ्याने ती सोडवली. आईने डोळा उघडला, लगेच मिटला, पाणी आलं, परत उघडला. डॉक्टरांनी बोटं धरली आणि विचारलं, "किती?"

"बोटं राहू द्या साहेब, पोरगी कुठं हाये माही?"

मी पुढे गेले. तिने माझ्याकडे पाहिलं. आधी मला वाटलं, दिसत नाहीये, कारण ती माझ्या डोळ्यांऐवजी कपाळाकडे पाहत होती. मग तिने हात वर करून माझ्या कपाळावरून सरकलेली ओढणी मागे केली आणि माझ्या बोटभर केसांवरून हात फिरवला. "वाढून राहिले," ती म्हणाली.

मी तिच्या मांडीवर डोकं घातलं. "आई, मले दिसले होते ते. मी सांगतलं नाई."

"मले मालूम हाये."

"आत्यानं सांगतलं?"

"नाई. मी पाहिलं होतं ना सकाळीच. तू काडीनं पाडून राहिली होती."

मी मान वर केली. "मंग तू डोये कायले लावले?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही असं तिने माझ्याकडे पाहिलं. "तू काढले ना? मले वाटलं, झालं साफ."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी अशी रडायला लागले की डॉक्टर घाबरले. त्यांना वाटलं डोळ्याचं काही बिघडलं. ते खुर्ची सरकवून उठले आणि विचारायला लागले, काय झालं, दिसत नाही का. आईने एका हाताने मला धरलं आणि दुसऱ्या हाताने त्यांना बसायची खूण केली.

"दिसून राहिलं साहेब," ती म्हणाली. "सगळं दिसून राहिलं. ही उगीच रडून राहिली."